गेंडारियातलं पहिलं बक्षीस

चहात बुडवलेली बाकरखानी तोंडाशी न्यावी आणि नेमकी तेव्हाच दारावर थाप पडावी, असं झालं की तोफाज्जलला चोरापेक्षा अशिलाचा जास्त राग येई. त्या सकाळी तसंच झालं. बाकरखानी सुटली, कपात पडली आणि तळाशी गेली.

"आधी दार, मग खाणं," वर्तमानपत्रातून डोकं न काढता हुस्नेआरा आपा म्हणाल्या.

तोफाज्जल पोलिसातून सबइन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाला होता. अंगाने भरदार, मनाने भाबडा, आता आपांचा मदतनीस. आपा एका वकिलाच्या विधवा. नवऱ्यामागे त्यांनी त्याची कचेरी बंद केली नाही, फक्त खटल्यांऐवजी रहस्यं घ्यायला लागल्या. जुन्या ढाक्यात लोक पोलिसांकडे जायच्या आधी गेंडारियाच्या या जिन्यावर चढायचे, कारण इथे आपापल्या घरची लक्तरं वेशीवर टांगली जात नसत.

दारात एक तरुण बाई उभी होती. रडून रडून डोळे सुजलेले, पण मान ताठ.

आपांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "बस. किल्ल्या कधी काढून घेतल्या तुझ्याकडून?"

बाई चमकली. तोफाज्जलही. मग त्याच्या लक्षात आलं: तिच्या पदराच्या टोकाला नुकत्याच सोडलेल्या गाठीच्या चुण्या होत्या.

"काल सकाळी," ती म्हणाली. "सासऱ्यांनी. सगळ्या गल्लीसमोर."

"आणि बांधल्या कधी होत्या?"

"रोजाच्या ईदेला. आम्मांनी, म्हणजे सासूबाईंनी, स्वतःच्या हाताने. म्हणाल्या, माझे गुडघे गेले, आता घर तू सांभाळ." एवढं बोलून तिला रडू कोसळलं. तोफाज्जलने आपला चहा तिच्यापुढे सरकवला. बाकरखानीचा गाळ असलेलाच, पण त्याने मनापासून दिला.

तिचं नाव शिउली. इद्रिस मोल्लांची सून. नवरा कमाल दोहाला नोकरीत. लग्नात तिच्या बाबांनी ओळीने नंबर असलेले पाच प्राइज बॉन्ड दिले होते, शंभर टाक्यांचा एक. व्याज नाही, पण मुद्दल बुडत नाही, आणि दर तीन महिन्यांनी सोडत. बॉन्डवर नाव नसतं. ज्याच्या हातात, त्याचा. बाबा पुढल्याच वर्षी गेले, तेव्हापासून ते पाच नंबर तिला कलम्यासारखे पाठ.

"काल सासऱ्यांनी समोरच्या टपरीवर पेपर मोठ्याने वाचला. पहिलं बक्षीस, सहा लाख टाका: शून्य सहा एक्केचाळीस नऊशे सत्तावीस. माझा तिसरा बॉन्ड, आपा! मी दारातूनच ओरडले. सगळे धावत घरी आले, मी किल्लीने बॉन्डांचा डबा उघडला, माझा लिफाफा काढला, आणि तिसऱ्या जागी भलताच नंबर."

"शेवटचा कधी पाहिला होतास?"

"पाठ आहे ना. पाठ असल्यावर कोण काढून बघतं?"

"कुणीच नाही," आपा म्हणाल्या. "अख्ख्या ढाक्यात कुणीच नाही. पुढे?"

"सासरे म्हणाले, निकाल आदल्या संध्याकाळीच मोबाइलवर येतो. तू पाहिलास, बॉन्ड काढलास, भावाकडे पोचवलास, जागी दुसरा ठेवलास. किल्ली तुझ्याच पदराला. दोहाला फोन केला. नवरा फोनवर काहीच बोलला नाही, आपा. हो नाही, नाही नाही. उद्या शुक्रवार. जुम्म्याच्या नमाजानंतर भाऊ मला न्यायला येणार. चोर म्हणून घराबाहेर पडले तर त्या घरात मी पुन्हा पाय ठेवणार नाही, आणि माहेरी तरी कुठल्या तोंडाने जाऊ?"

आपा उठल्या, चपला घातल्या. "तोफाभाई, छत्री घ्या. आणि मोल्लांच्या घरी खायला काही दिलं तर मागून घेऊ नका."

इद्रिस मोल्ला सरकारी गोदामातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. दाढी मेंदीने रंगवलेली, आवाज असा की गल्लीच्या दुसऱ्या टोकाचा कावळा उडावा.

"या घरात सुई इकडची तिकडे होत नाही!" ते म्हणाले. "माझे स्वतःचे बॉन्ड मी दर सोडतीला हातात घेऊन पेपराशी ताडून बघतो. एक एक. माझ्या लिफाफ्याला हात लावायची कुणाची छाती नाही."

"आणि सुनेचा लिफाफा?"

"तो तिचा. मी कशाला बघू?"

तोफाज्जल घाम पुसत होता. खोलीला एकच खिडकी, तीही आडव्या फळ्या ठोकून बंद केलेली. "जरा ही उघडली तर..."

"ती उघडणार नाही!" मोल्ला गरजले. "पलीकडे हालिम ब्यापारी राहतो. नारळाचं झाड माझं, नारळ पडतात त्याच्या अंगणात, आणि परत द्यायला हात झडतात त्याचे. पाच वर्षं झाली. त्या घराकडे बघायचं नाही, त्या घराशी बोलायचं नाही. यंदा थंडीत मुलीचं लग्न केलं त्याने, पत्रिका पाठवली. मी फाडली. माझ्या घरातलं कुत्रंही गेलं नाही."

"आपल्याकडे कुत्रा आहे?" तोफाज्जलने विचारलं.

"नाही!"

आपांनी हसू दाबलं आणि डबा मागितला. पत्र्याचा डबा, आत माणशी एक लिफाफा, आणि सगळीकडे वाळलेली कडुनिंबाची पानं. शिउलीच्या लिफाफ्यातले पाच बॉन्ड त्यांनी ओळीने पलंगावर मांडले. कागद दमट हवेने पिवळसर झाले होते आणि त्यांच्यावर पानांचे तपकिरी ठसे उमटले होते. चार बॉन्डवर ठसे एकावर एक, गिचमिड. उपऱ्या बॉन्डवर मात्र एकच ठसा होता, तोही अर्ध्या पानाचा. आपांनी तो शेजारच्या बॉन्डला चिकटवून धरला. उरलेलं अर्धं पान तिथे होतं. दोन्ही अर्धुकं जुळून एक अखंड पान झालं.

"छान," आपा म्हणाल्या.

तोफाज्जलने वाकून पाहिलं. त्याला पान दिसलं. त्यात छान काय आहे ते दिसलं नाही.

"ही पानं कधी घालता?"

दारातून शिउली म्हणाली, "वर्षातून एकदा. फाल्गुनात, रजया धुऊन ठेवतो तेव्हा. जुनी झटकायची, नवी सरकवायची. आम्मा आणि मी मिळूनच करतो. यंदा मीच लिफाफ्यात सरकवली."

"आणि तेव्हाही नंबर बघितला नाहीस."

"पाठ होता ना," शिउली ओशाळून म्हणाली.

दीर टिटू जिन्यात सापडला. मोबाइल दुरुस्त करणारा, केसांना चकचकीत तेल, जिन्याच्या तळाशी त्याची नवीकोरी मोटारसायकल. तोफाज्जलला बघताक्षणी खात्री पटली: हाच. त्याने पोलिसी आवाज काढला.

"गाडी कुठून आली?"

"दुकानातून. सासऱ्याकडून येईल म्हणून थांबलो असतो तर म्हातारा झालो असतो. पगारातून हप्ता कापतात, मालकाला विचारा."

"बॉन्ड तूच घेतलास!"

"चाचा, मी चोर असतो तर एक बॉन्ड काढून त्याच्या जागी दुसरा ठेवला असता? अख्खा डबा उचलला असता! शिवाय मला त्या बॉन्डांचा तिटकारा आहे. जन्मात एकदा बँकेत गेलो, आम्माने एक आणायला पाठवलं म्हणून. तिथल्या रांगेत जो उभा राहतो तो दाढी वाढवून बाहेर पडतो. माझा चांगला लोकरी मफलर गेला त्या गर्दीत, भाबीने विणलेला."

"सापडला नाही?" आपांनी सहज विचारलं.

"कशाचा सापडतोय! गळ्यातून कधी निसटला कळलंसुद्धा नाही." तो गंभीर झाला. "आपा, एक सांगतो. भाबी चोर नाही. आब्बांपुढे बोलायची हिंमत नाही म्हणून जिन्यात बोलतोय."

"या घरात बरंच काही जिन्यातच बोललं जातं वाटतं," आपा म्हणाल्या आणि स्वयंपाकघराकडे वळल्या.

सासूबाई रबेया खातून चुलीपुढे बसल्या होत्या. बारीक चणीच्या, हात सतत कामात. आपांनी विचारण्याआधीच त्यांनी तोफाज्जलपुढे गोड सारण भरलेल्या पाटिसापटा ठेवल्या. त्याने मागितल्या नव्हत्या, म्हणून निर्धास्तपणे खाल्ल्या.

"सून कशी आहे?" आपांनी विचारलं.

"सोन्यासारखी." पाठ वळवूनच उत्तर आलं. "तिने नाही घेतला. मी मोल्लासाहेबांना म्हटलं. पण माझं कोण ऐकतं?"

"लग्न थाटात झालं होतं म्हणे तिचं."

रबेयाबाईंचा चेहरा खुलला. "तिच्या बाबांनी हात राखून काही केलं नाही. काचीबिर्याणी, रेजाला, आणि दह्या-पुदिन्याची बोर्हानी तर अशी की लोकांनी पेले चाटले. नाहीतर ती लुबनाच्या लग्नातली! आंबटढाण, वर पुदिन्याचा पत्ता नाही." मग एकदम त्यांनी कालथा उचलला आणि कढईत काही नसताना ढवळायला लागल्या.

"लुबना?" तोफाज्जलने तोंडातला घास सांभाळत विचारलं.

"असते एक," आपा म्हणाल्या. "चला, तोफाभाई. आता नारळपाणी पिऊ."

हालिम ब्यापाऱ्याने खरोखरच नारळपाणी दिलं, आणि कुठल्या झाडाचं ते डोळे मिचकावून सांगितलं. लुबना बाळंतपणाला माहेरी आलेली होती. आपा तिला घेऊन आतल्या खोलीत गेल्या. तोफाज्जलला फक्त लुबनाचं आधी आश्चर्याने किंचाळणं आणि मग दोघींचं कुजबुजणं ऐकू आलं. बाहेर येताना आपांचा चेहरा ईदेचा चंद्र दिसल्यासारखा झाला होता.

"उद्या नमाजानंतर, ब्यापारीसाहेब," त्या म्हणाल्या. "मुलीला घेऊन यायचं. मोल्लांच्या घरी."

"त्या घरी? मी? जिवंत परत येईन का?"

"याल. जेवूनच याल."

शुक्रवारी दुपारी मोल्लांच्या दारात सीएनजी रिक्षा उभी होती. आत शिउलीचा भाऊ मोक्तार मान खाली घालून बसला होता, बाहेर गल्ली जमली होती. तमाशाला तिकीट लागत नसलं की गेंडारियात कुणी घरी थांबत नाही. दिवाणखान्यात शिउली आपली बॅग पायाशी ठेवून उभी होती.

ब्यापारी मुलीसकट उंबरठ्यावर दिसला आणि मोल्ला ताडकन उठले. "हा इथे कसा?"

"माझा साक्षीदार आहे," आपा म्हणाल्या. "बसा, मोल्लासाहेब. सून घराबाहेर काढायला तुम्हाला एक सकाळ पुरली. ती परत आत घ्यायला मला थोडा वेळ द्या."

मोल्ला बसले. आपांनी दोन बॉन्ड सर्वांपुढे धरले.

"सगळे एकाच प्रश्नाच्या मागे लागलात: बक्षीस लागल्यावर बॉन्ड कुणी पळवला? हा उपरा बॉन्ड बघा. यावर अर्धं पान. शेजारच्यावर उरलेलं अर्धं. म्हणजे पान ठेवलं तेव्हा हे दोघे शेजारी होते. पानं घातली फाल्गुनात. सोडत झाली आता, जुलैअखेर."

तोफाज्जलच्या डोक्यात उजेड पडला. "म्हणजे चोरी झाली तेव्हा..."

"तेव्हा बक्षीस लागलंच नव्हतं! शंभराच्या कागदाला शंभराचीच किंमत होती. आणि तेव्हा किल्ल्या शिउलीकडे नव्हत्या. तिला त्या ईदेला मिळाल्या, फाल्गुनानंतर. मोल्लासाहेब, ज्या किल्लीवरून तुम्ही तिला चोर ठरवलंत, ती किल्ली तिच्याकडे नव्हतीच."

दारातल्या गर्दीत कुजबुज उठली. मोल्लांनी दाढीवरून हात फिरवला.

"आता दुसरी गोष्ट. बाकी चौघांवर दरवर्षीच्या पानांचे ठसे आहेत, याच्यावर एकाच वर्षाचा. म्हणजे हा आत आला मागच्या फाल्गुनानंतर आणि यंदाच्या फाल्गुनाआधी. आणि चोर असा की त्याने शंभर घेतले, शंभर ठेवले. टिटू बरोबर म्हणाला, चोर असं करत नाही. मग हे कोण करतं? ज्याला पैसा नको होता, बॉन्डच हवा होता, आणि त्याच दिवशी हवा होता. नंतर सवडीने दुसरा आणून जागा भरली. माणसाला बॉन्ड तातडीने कधी लागतो, तोफाभाई?"

"आहेराला!" तोफाज्जल म्हणाला, आणि स्वतःच्याच उत्तरावर खूश झाला. "रोख दिली तर बिर्याणीचे पैसे चुकते केल्यासारखं वाटतं."

"आणि लग्नं असतात शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी. तेव्हा बँक बंद. म्हणून डबा उघडावा लागला. मोल्लासाहेबांचा लिफाफा नाही, तो ते हाताने तपासतात. शिउलीचा, कारण ती कधीच बघत नाही. नंतर बँकेत टिटूला पाठवलं. कधी? जन्मात तो एकदाच गेला, आणि तेव्हा त्याच्या गळ्यात लोकरी मफलर होता. ढाक्यात मफलर कुणी उन्हाळ्यात घालत नाही. थंडीतलं लग्न. आणि असं लग्न, की जिथला आहेर घरात उघड सांगता येत नव्हता. थंडीत कुठल्या लग्नाची पत्रिका या घरात फाडली गेली?"

मोल्लांची नजर ब्यापाऱ्याकडे गेली. "माझ्या घरातलं कुणी तिथे गेलं नव्हतं!"

"खिडकीला फळ्या आहेत. इथून त्या मांडवातलं काही दिसत नाही. आणि दिसलं असतं तरी बोर्हानी आंबट होती की गोड, ते खिडकीतून कळत नाही. त्यासाठी पेला तोंडाला लावावा लागतो."

रबेयाबाई उठल्या.

"मी गेले होते," त्या म्हणाल्या. "गच्चीवरून, मागच्या जिन्याने. लुबनाला मी न्हाऊमाखू घातलंय, तिचा पहिला दात माझ्या मांडीवर पडलाय. नवरी झालेली बघू नको? रिकाम्या हाताने कशी जाऊ? तुम्हाला कळलं असतं म्हणून लिफाफ्यावर नाव नाही घातलं. आयजीच्या जिवावर बायजी उदार झाली. वाटलं, शंभराला शंभर ठेवले, कुणाचं काय गेलं? नंबर बघायचं सुचलंच नाही." त्या शिउलीकडे वळल्या. "परवा तू डबा उघडलास तेव्हा मला कळलं. आणि मी गप्प बसले, पोरी. तुला चोर म्हटलं आणि मी, तुझी आम्मा, तोंड शिवून बसले. याची मला माफी नाही."

शिउलीला राग आला होता, आणि तो तिने लपवला नाही. "दोन रात्री मी झोपले नाही, आम्मा," ती म्हणाली. मग पुढे होऊन तिने सासूला धरून बसवलं. "एवढी भीती वाटत होती तर जिन्यात तरी सांगायचं."

लुबनाने कनवटीचा लिफाफा काढला. "बाकी सगळ्यांच्या आहेराची परतफेड केली. हा कुणाचा ते कळेना. आहेर परत करायचा तर माणूस नको? म्हणून मोडला नाही, वेगळाच ठेवला. काल आपा आल्या तेव्हा नंबर वाचला आणि किंचाळलेच मी." तिने बॉन्ड टेबलावर ठेवला.

शून्य सहा एक्केचाळीस नऊशे सत्तावीस. दारातल्या गर्दीने असा गलका केला की रिक्षावाला हॉर्न वाजवत सुटला.

"हा तुझा, शिउली," लुबना म्हणाली.

"छे! आहेर दिला तो दिला. कायद्यानेही तुझाच."

"तुला न विचारता दिलेला कसला आहेर? मी एकटी घेणार नाही."

"मी पण नाही!"

"मग अर्धा अर्धा करा आणि भांडण मिटवा!" ब्यापारी ओरडला. "नाहीतर मोल्लासाहेब याच्यावरही फळ्या ठोकतील."

सगळे हसले. मोल्ला हसले नाहीत. ते उठले, गर्दीतून वाट काढत थेट दारात गेले, आणि गल्लीकडे तोंड करून उभे राहिले. तोफाज्जलला वाटलं, आता म्हातारा सगळ्यांना हाकलणार.

"ऐका!" मोल्ला म्हणाले. आवाज तोच, कावळे उडवणारा. "परवा मी इथे उभा राहून माझ्या सुनेला चोर म्हटलं. ती चोर नाही. माझी बायकोही नाही. शेजारच्या पोरीला शंभर टाक्यांचा आहेर करायला जिला घरात चोरपावलांनी वावरावं लागलं, तिच्या घरात चोर एकच, तो मी. मी या घरातली माणुसकी चोरली." ते शिउलीकडे वळले. "सूनबाई, बॅग आत न्या."

शिउली हलली नाही.

"आब्बा, एवढ्यावर नाही भागायचं," ती म्हणाली. शांतपणे, पण गल्लीच्या टोकापर्यंत पोचेल असं. "दोहाला फोन तुम्हीच केला होता. आता पण तुम्हीच करा. इथूनच. मोठ्याने."

मोक्तार रिक्षातून उतरला. टिटूने पुढे होऊन फोन लावून दिला, आवाज पूर्ण वाढवला आणि बापाच्या हातात ठेवला. घंटा वाजली, वाजली, आणि पलीकडून "आब्बा?" असं ऐकू आलं.

मोल्लांनी दीर्घ श्वास घेतला. "कमाल, नीट ऐक. तुझी बायको हिऱ्यासारखी आहे, तुझी आई वाघीण आहे, आणि तुझा बाप मूर्ख आहे. तू तोंड उघडलं नाहीस म्हणून तू पण मूर्ख आहेस. आता तिच्याशी बोल."

यावर दोहाहून काय उत्तर आलं, ते टाळ्यांच्या कडकडाटात कुणालाच ऐकू आलं नाही. शिउलीला मात्र आलं असावं, कारण फोन कानाला लावून ती पहिल्यांदाच हसली.